मिरोचा ताशी आकडा

“एक सीट! एक सीट! मागून तिसऱ्या रांगेत डाव्या हाताला एक सीट! कोण एकटंय? हात वर करा की. शेजारी बसवतोय नुसतं, लग्न लावून देत नाही!”

कासिमिरोचा, म्हणजे आमच्या मिरोचा आवाज प्लॅटफॉर्मवर घुमला आणि जिन्यापर्यंत लागलेल्या रांगेत हशा पिकला. कॉलेजातल्या एका लाजऱ्या पोराने कसाबसा कानापर्यंत हात वर केला. कासिमिरोने त्याला दंडाला धरून पुढे आणलं आणि एका धिप्पाड नर्सबाईंच्या शेजारी बसवलं. बोयेतने प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा हलवून पाहिला, अंगठा वर केला, मी पॅनेलवरचं हिरवं बटण दाबलं आणि आमची बुवाया चोवीस माणसं पोटात घेऊन चढणीकडे निघाली.

बुवाया म्हणजे मगर. तळ्याकाठच्या आमच्या पार्कातला हा सगळ्यात जुना रोलर कोस्टर. गाडीला पुढे मगरीचं तोंड आहे. त्यातले दोन दात पडलेत आणि ते परत बसवायचे कुणाच्या मनात नाही. बारा रांगा, रांगेत दोघं. मी अकरा वर्षं पॅनेलवर आहे. माझं नाव रोसारियो, सगळे चारिंग म्हणतात.

लग्नाचं मात्र मिरो खोटं बोलत होता. त्याने पूर्वी एकदा असंच एकट्या मुलाला एकट्या मुलीशेजारी बसवलं होतं, आणि त्या दोघांनी पुढे लग्न करून पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मिरोलाच धर्मपिता केलं. ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. मुलाचं नावही कासिमिरो ठेवलं असं तो सांगे, पण ते आम्ही कुणी खरं धरत नसू.

आमच्याकडची माणसं कुठंही एकटी जात नाहीत आणि जोडीनेही जात नाहीत. आई, तीन पोरं, मावशी आणि शेजाऱ्यांची एक मुलगी असा सगळा लवाजमा येतो. त्यात मावशी ऐन वेळी घाबरून मागे फिरते. मग उरलेल्यांतलं एक एकटं पडतं, अनोळखी माणसाशेजारी बसायला नको म्हणतं, आणि एक सीट रिकामी जाते. मिरोला हे सहन होत नसे. माणसं जिन्यात असतानाच त्याने नजरेने त्यांच्या जोड्या लावलेल्या असत. घाबरणारी मावशी कोण हेही त्याला आधीच कळायचं, आणि तिच्यासाठी तो एक गप्पिष्ट बाई हेरून ठेवायचा.

हे तो पार्कात शिकला नव्हता. सान रोकेच्या चौकात तो जीपनी भरायचा. आमच्या जीपनीत दोन्ही बाजूंना लांब बाक असतात आणि माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मालक म्हणतो एका बाकावर नऊ बसतात. आठ बसले की बाक भरला असं कुणालाही वाटतं, पण नववा कुठे बसणार ते मिरोला दिसायचं. “आजी, पिशवी मांडीवर. दादा, पाय आत. बघा, झाली की नाही जागा!” गाडी भरली की ड्रायव्हर त्याच्या तळहातावर एखादं नाणं ठेवायचा. त्या वेळी दोराय रोज तिथूनच पार्कात यायची. दोराय आमच्या ऑफिसातली. एक दिवस तिने साहेबांना सांगितलं, तुम्हाला गाड्या रिकाम्या जायला नको असतील तर सान रोकेच्या चौकातून एक माणूस उचलून आणा. असा मिरो आमच्यात आला, त्याला नऊ वर्षं झाली. छातीवर नावाचा बिल्ला लावलेला पहिला दिवस त्याने बायको लुमिंगला घेऊन फोटो काढण्यात घालवला. लुमिंगने तो फोटो मारियामाईच्या तसबिरीशेजारी लावला होता.

दोरायचं काम माणसं मोजायचं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ती आज ह्या खेळण्यापाशी, उद्या त्या खेळण्यापाशी उभी असे. एक गाडी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती वेळ गेला ते बघायचं. त्यातला फिरण्यातला वेळ किती आणि माणसं उतरवण्या-बसवण्यातला किती ते वेगळं काढायचं. मग तासाला किती गाड्या सुटतील, गाडीत किती सीटा, रिकाम्या किती गेल्या, असं करत ती एका आकड्याला येई. त्याला ताशी आकडा म्हणतात. रुळांवर गाडीला लागणारा वेळ काही बदलत नाही, गाडी दमली तरी आणि आपण दमलो तरी. बदलतो तो प्लॅटफॉर्मवरचा वेळ. म्हणून दोराय आली की पोरं आपली पाठ ताठ करून पळापळ सुरू करत. आपलीच परीक्षा आहे असं प्रत्येकाला वाटे.

पूर्वी बुवायाच्या दोन गाड्या होत्या, हिरवी आणि लाल. एक फिरत असताना दुसरी भरायची, त्यामुळे रांग कशी भराभर सरके. पण लाल गाडीची चाकं झिजली. नवी चाकं परदेशातून यायची, आणि ती मागवायची की नाही यावर ऑफिसात खल चालला होता. तोवर लाल मगर शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती आणि आम्ही एकट्या हिरवीवर भागवत होतो.

त्या मंगळवारी दुपारी दोराय डबा घेऊन आमच्यात जेवायला आली. आम्ही जिन्याखालच्या खोलीत बसलो होतो. मिरोच्या डब्यात नेहमीप्रमाणे भात आणि तळलेला सुका मासा, त्याचा वास वर रांगेपर्यंत जाई.

“कुया मिरो, उद्या अकराला मी येतेय,” ती म्हणाली. आमच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात, आणि पार्कातले सगळे मिरोला तसंच म्हणायचे. “एका गाडीचा आकडा घ्यायचाय. इंजिनियरांनी मागितलाय.”

“ये की. बघशील, कशी उडवतो गाड्या,” बोयेत म्हणाला.

“तेच नको आहे मला!” तिने चमचा खाली ठेवला. “ऐका नीट. साध्या दिवसाला तासाला पाचशे माणसं बसली की ऑफिसचं भागतं. उद्या एका गाडीवर पाचशे झाले, तर ते म्हणणार दुसरी गाडी कशाला? मग लाल गाडी मोडून तिचे भाग हिरवीला वापरणार. आणि गाडी एकच असेल तर प्लॅटफॉर्मवर इतकी माणसं कशाला, हेही म्हणणार. एक जागा जाईल.”

“कुणाची?” मी विचारलं.

बटण दाबायला माणूस लागतोच, दांडे तपासल्याशिवाय गाडी सोडताच येत नाही. उरलं कोण ते सांगायची गरज नव्हती.

मिरो घास चावत होता. त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, “मग काय करू? झोपू तिथं?”

“झोपू नका. खोटंही काही करू नका. तुम्ही रोज करता तसं करा, बास. रोज पावणेपाचशेच्या आसपास जाता तुम्ही, मला माहितीय. माझं घड्याळ दिसलं की तुम्ही सगळे वेड्यासारखे पळता. उद्या पळू नका, एवढंच म्हणतेय.”

“पाचशेच्या खाली.”

“थोडं खाली. लाल गाडीला चाकं येतील, तुम्ही साठीपर्यंत इथंच राहाल.”

साठीला त्याला तीन वर्षं होती. सान रोकेला परत जायची सोय राहिली नव्हती. तिथल्या जीपनी गेल्या होत्या. त्यांच्या जागी दार मिटणाऱ्या मिनीबस आल्या, कार्ड टेकवून चढायचं, आणि प्रवासी भरणाऱ्या माणसाला तिथले पोलिस हाकलून देत. मिरोने हे सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, “बरं. उद्या मी मुका.” आणि डब्याला झाकण लावून वर गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला दोराय उतरायच्या बाजूच्या पुलावर येऊन उभी राहिली. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर छत्री. ऊन मी म्हणत होतं. रांगेत पिवळ्या टी-शर्टांचा एक मोठा घोळका होता. बातांगासहून आलेलं मागपांताय घराणं. सगळ्यांच्या छातीवर आडनाव आणि त्याखाली एका म्हातारीचा हसरा फोटो छापलेला. कुटुंबाचा मेळावा असला की आमच्याकडे असे शर्ट शिवतातच. छातीवरची ती म्हातारीही खुद्द घोळक्यात होती, आणि तिच्याही शर्टावर तिचाच फोटो होता.

पहिली गाडी, म्हणजे पहिली फेरी, लागली. मिरो हात मागे बांधून खांबाशी उभा राहिला. काही बोललाच नाही. माणसं आपापली शिरली, कुणी पुढे बसायला धावलं, कुणी मागे, दोन पोरं एका सीटवरून भांडली, एक बाई बसून पुन्हा उठली. बोयेत दांडे तपासत फिरला, तोवर कुणाची टोपी खाली पडली. गाडी सुटली तेव्हा तिच्यात दोन सीटा रिकाम्या होत्या. मिरोने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसरी गाडीही तशीच गेली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अहो, काय चाललंय काय! उन्हात उभं करून ठेवलंय लेकरांना!” मिरोची मान लाल झाली. नऊ वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं.

मी पॅनेलवरून हळूच म्हटलं, “अरे, रोजच्यासारखं कर म्हणाली ती. तू तर संपच केलास.”

“रोजचं कसं असतं ते आठवेना मला,” तो म्हणाला. थट्टा करत नव्हता तो. चेहरा अगदी रडवेला झाला होता.

तिसऱ्या गाडीनंतर मागपांताय मंडळी प्लॅटफॉर्मवर आली. सगळ्यांनी आधी आजीला बसवलं, अगदी मधल्या रांगेत, हौसेने. मग तिच्या शेजारी कोण बसणार यावर घोळ सुरू झाला. तू बस, मी नको, मला पोरांकडे बघायचंय, आजी ओरडली तर काय करू, तिला काही झालं तर माझ्या नावाने खडे फोडाल. एकेक करत सगळे दुसऱ्या रांगांत जाऊन बसले. मधल्या रांगेत आजी एकटी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग शेजारच्या रिकाम्या सीटवर आपली पर्स ठेवली आणि ती पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

मिरोने एकदा पुलावरच्या दोरायकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा काही गप्प राहत नाही.

“एक सीट!” तो कडाडला. “आजींच्या शेजारी एक सीट! आजी एकट्या निघाल्यात मगरीच्या तोंडात, सोबत कोण जातंय? ए पिवळा शर्ट, तू! आजीच्या हातचं खाऊन एवढा वाढलास ना? चल, पाठीमागून पुढं ये! आजी, पर्स त्याच्या मांडीवर. तुम्ही त्याचा हात धरा, घाबरतोय तो!”

प्लॅटफॉर्म हसून कोसळला. तो धटिंगण नातू मान खाली घालून आजीशेजारी येऊन बसला आणि आजीने खरोखरच त्याचा हात धरला. बोयेत जो सुटला तो दोन्ही बाजूंचे दांडे हलवत क्षणात शेवटच्या रांगेपाशी, अंगठा वर. मी बटण दाबलं.

त्यानंतर आम्हाला कुणाचंच भान उरलं नाही. मिरो रांगेत शिरायचा, जोड्या लावून लोकांना दारापाशी उभं करायचा, चष्मे खिशात, टोप्या हातात, सगळं गाडी यायच्या आधीच. गाडी यायची, डावीकडून माणसं उतरायची, उजवीकडून चढायची, तो शेवटच्या माणसाच्या पाठीवर थाप मारायचा आणि बोयेतचा अंगठा वर. बोयेत घामाने निथळत होता आणि हसत होता. मीही हसत होते. मिरोने एका पाद्रीबाबांना एका टॅटूवाल्या पोराशेजारी बसवलं आणि म्हणाला, “फादर, खाली उतरेपर्यंत ह्याचा कबुलीजबाब घेऊन टाका, वेळ कमी आहे!” चोवीस, चोवीस, चोवीस. एकही सीट रिकामी गेली नाही. मागपांताय मंडळी दुसऱ्यांदा रांगेत येऊन उभी राहिली, आणि आजी सगळ्यात पुढे होती. माझ्या अकरा वर्षांत तसा तास झाला नाही. तो सुरू असताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे थांबायला हवं. हे आता लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, पण खरं ते खरं.

बाराला दोराय पुलावरून खाली आली. तिने छत्री मिटली होती.

“किती?” मिरोने विचारलं. तो पंचाने मान पुसत होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

“पाचशे तेवीस.”

“पहिल्या तीन धरून?”

“धरून.”

“बघ!” त्याने बोयेतच्या पाठीत गुद्दा घातला. “पहिल्या तीन मीच बिघडवल्या. नाहीतर साडेपाचशेच्या वर गेलो असतो!”

मग तो थांबला. दोरायचा चेहरा त्याला तेव्हा दिसला असावा.

“कुया,” ती म्हणाली, “पहिल्या तीन गाड्यांचा घोळ झाला म्हणून मला हा अख्खा तास बाद धरता येतो. तसा नियमच आहे. जेवणानंतर पुन्हा घेऊ. साधं, रोजच्यासारखं.”

“जेवणानंतर?” मिरो म्हणाला. “जेवणानंतर रांग कुठं असते? लोक सावलीत लोळतात. गाड्या अर्ध्या रिकाम्या जातील.”

“जाऊ देत की!”

“आणि तू तसं लिहिणार? मिरो प्लॅटफॉर्मवर असताना गाड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या?”

“मिरो, घेऊ दे तिला पुन्हा,” मी म्हणाले. “डोकं आहे का ठिकाणावर? नोकरी जाईल.”

“जाईल तर जाईल, पण मला सीट भरता येत नाही म्हणून राहायचं का इथं?” तो माझ्यावरच डाफरला. मग जरा खालच्या आवाजात दोरायला म्हणाला, “हाच पाठव. एवढा चांगला तास पुन्हा व्हायचा नाही. माझं नाव घालतेस ना त्यात?”

दोरायने त्याच्याकडे पाहिलं. “त्यात नावं नसतात, कुया. गाडीचं नाव असतं फक्त.”

“नसतात?”

“नाही.”

“बरं,” मिरो म्हणाला. पंचा खांद्यावर टाकून तो पुन्हा रांगेकडे वळला. पण शब्द मागे घेतला नाही. दोरायला त्याला न विचारताही तो तास बाद करता आला असता. तिने तो केला नाही. पुढे मला म्हणाली, “चारिंग, तो इतका खूश होता गं. मला तो कागद फाडवेना.” वेळ पडली तर तिने खोटंही लिहायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

महिनाअखेरीला आम्ही जिन्याखालच्या खोलीतच त्याला निरोप दिला. लुमिंगने मोठं पातेलं भरून पान्सित आणलं होतं. आयुष्य वाढतं म्हणून आमच्याकडे वाढदिवसाला त्या लांब शेवया करतात. निरोपाला का केल्या असं कुणी विचारलं नाही. इंजिनियर साहेब मुद्दाम आले. तरुण माणूस, मनाने वाईट नाही. त्यांनी मिरोचा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी मनापासून म्हणाले, “तुमच्यामुळेच कळलं हो आम्हाला, एका गाडीत भागतं म्हणून.”

“थँक्यू, सर,” मिरो म्हणाला.

बोयेत खोलीबाहेर निघून गेला. मी शेवया वाढत राहिले.

लाल मगरीचे ब्रेक, दांडे, सीटा सगळं उतरवून फळ्यांवर नंबर टाकून ठेवलं. प्लॅटफॉर्मवर बारा रांगांचे बारा आकडे रंगवले आणि लोकांनी आपल्या आपण त्यांवर उभं राहायचं असं ठरलं. लोक उभे राहत. आईला चारवर आणि पोराला सातवर जागा मिळाली की दोघंही पुढच्या गाडीची वाट बघत. मावश्या दारातून परत फिरत. मी बटणावर बोट ठेवून बसे आणि समोरून गाडी जाई ती दात पडल्यासारखी, मधे मधे मोकळी.

दोन महिन्यांनी तक्रारी वाढल्या तेव्हा इंजिनियरांनी दोरायला पुन्हा पाठवलं. आकडा आला चारशे बारा. साहेबांनी आधी तिच्या घड्याळावर शंका घेतली. मग स्वतः येऊन मोजलं, तर त्याहून कमी भरला. गाडी तीच, रूळ तेच, बोयेत तोच, मीही तीच. साहेब शेवटी म्हणाले, “त्या काकांना बोलवा. आता दोन नवी पोरं घेतोय, त्यांना शिकवून जाऊ देत. तीन दिवसांचे पैसे देऊ.”

जागा परत देता येत नव्हती. ती कागदावरून गेली होती.

निरोप घेऊन मिरोकडे दोरायच गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, “जेवायला वाढलं मला. नको नको म्हणत असताना. एकच विचारलं, आकडा किती पडला म्हणून. मी सांगितलं. आधी हसला, चारिंग, अगदी मनातून हसला. आणि मग म्हणाला, बिचारी पोरं, उन्हात रांगेत उभी.”

सोमवारी मिरो आला. चर्चला जायचा पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट, गळ्यात पाहुण्यांचा पास. पाहुण्यांना पिवळ्या रेषेच्या पुढे जायला मनाई आहे, म्हणून तो रेषेच्या मागे उभा राहिला. नव्यांपैकी एक नोएमी, दुसरा तिचाच मावसभाऊ, दोघंही कंत्राटावर. दोघं हात बांधून त्याच्यापुढे उभी राहिली.

“हं,” मिरोने घसा साफ केला. “तर... रांगेकडं बघायचं.”

“काय बघायचं, कुया?”

“कोण कुणाबरोबर आहे ते. आणि कोण कुणाबरोबर नाही.”

“ते कसं ओळखायचं?”

मिरोने हात वर करून हवेत काहीतरी दाखवलं आणि पुन्हा खाली सोडला. “आता ती बाई बघा, लाल चपलांची. ती ऐन वेळी परत फिरणार.”

“कशावरून?”

“अगं, फिरणार म्हणजे फिरणार!”

ती फिरलीच. पण त्यातून नोएमीला काही शिकता आलं नाही. तिने बिचारीने दोनदा ओरडून पाहिलं, “कुणी एकटे आहेत का, प्लीज?” लोकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिरो तिला रागावला नाही. म्हणाला, “येईल हळूहळू. घसा बसेल आधी, मग येईल.” अकराच्या सुमाराला त्याने मला खूण केली, आपण निघतो म्हणून. तीन दिवसांचे पैसे मिळणार होते, उरलेले दोन दिवस तो येणार नव्हता. ऑफिसला काय सांगायचं ते तूच बघ म्हणाला.

मी बटणावर बोयेतला बसवलं आणि त्याच्याबरोबर खाली उतरले. पाहुण्यांना बाहेर जायची वाट फोटोच्या दुकानातून आहे. मोठ्या उतारावर कॅमेरा लावलेला असतो, तो प्रत्येक गाडीचा फोटो काढतो, आणि लोक उतरून येईपर्यंत फोटो पडद्यावर लागलेला असतो. नऊ वर्षं मिरो कामगारांच्या मागच्या जिन्याने ये-जा करत होता. हे दुकान त्याने आतून पाहिलं नव्हतं. तो पडद्यापुढे थांबला. वासलेली तोंडं, उडालेले केस, एक बाई डोळे गच्च मिटून शेजारच्या परक्या माणसाला बिलगलेली.

काउंटरवरची मुलगी नवी होती. पांढरा सदरा पाहून ती अदबीने पुढे झाली.

“कितव्या रांगेत होतात, सर? मोठा करून दाखवते तुमचा.”

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत त्याने एकेक चेहरा पाहिला, जिथे कुणी नव्हतं तिथेही थांबून पाहिलं.

“ह्यात मी नाही, पोरी,” तो म्हणाला.

“मग आधीच्या गाडीत असाल. थांबा हं, मागे जाऊन बघते.”

“नको. त्यातही नाही.”

पुढची गाडी रिकामी झाली होती आणि माणसं एकमेकांना ढकलत, हसत आत येऊ लागली होती. मिरोने त्यांना पडदा दिसावा म्हणून दोन पावलं बाजूला घेतली.